भाकरीवर पाणी कोण फिरवणार?

(वाई येथील एका वाचनालयाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पाचवीत असताना आईचं बोट धरून मी ज्या टेबलापाशी पहिली वर्गणी भरली, ते टेबल आज माझ्या डाव्या हाताला आहे आणि त्यावर माझ्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवलाय. फार बरं वाटतंय.

‘पुस्तकवेड्या लेखिकेचा दिनक्रम’ या विषयावर बोल, असं मला सांगितलंय. खरं तर आपल्या गावाला पुस्तकात बुडालेलं माणूस काही नवं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून मराठी विश्वकोश उभा केला. १९७६ साली पहिला खंड आला आणि पुढं एकूण वीस खंड झाले. त्यामुळं घाटावर पुस्तक उघडून बसलं तर वाईत कुणी वळून बघत नाही. फार तर ‘जरा सरक, धुणं ठेवायचंय’ एवढंच म्हणतात.

माझा दिवस सुरू होतो तो आजीच्या आवाजानं. आजी चौथी शिकलेली आहे. मी लिहिलेलं सगळ्यात आधी तिला वाचून दाखवते, कारण ती ऐकताना मध्ये ‘वा’ म्हणत नाही. मागच्या वर्षी मी एक कथा लिहिली. त्यात एक बाई पहाटे उठून ज्वारीची भाकरी थापते, तव्यावर टाकते, पदराला हात पुसते आणि दारात येऊन नवऱ्याची वाट बघते. हे दार, ती पहाट, ते धुकं यावर मी चार दिवस घालवले होते. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आगं, ती दारात गेली. मग भाकरीवर पाणी कोन फिरवनार?”

ज्यांनी भाकरी केलीय त्यांना आत्ता हसू आलं, मला दिसतंय. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. परातीत थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच, तळहातानं, हलकं पाणी फिरवावं लागतं. ते पूर्ण सुकायच्या आत भाकरी उलटायची, नाहीतर ती तडकते. मग दुसरी बाजू भाजायची आणि शेवटी विस्तवावर धरली की पापुद्रा फुगतो. म्हणजे भाकरी तव्यावर असताना बाईला दारात जायला सवडच नसते! तिला नवऱ्याची वाट बघायची तर ती तव्यापाशीच, कान दाराकडं लावून. मी कथा तशी बदलली आणि ती कितीतरी खरी झाली. दारातल्या धुक्यापेक्षा त्या ओल्या तळहातात जास्त वाट बघणं होतं. हे मला कुठल्या लेखनशिबिरात कळलं नसतं.

आजीचे शब्द हा तर वेगळाच खजिना. आमच्याकडं गॅस येऊन कित्येक वर्षं झाली, पण ती अजून सांगते, “दूध वैलावर ठेव.” वैल म्हणजे चुलीला जोडून असलेली दुसरी, छोटी चूल. मोठ्या चुलीचाच जाळ तिकडं जातो. चूल गेली, वैल गेला, पण गॅसची छोटी शेगडी आजीच्या लेखी वैलच आहे. शब्दाला नवं घर मिळालं, म्हणून तो जगला. आपल्या संदर्भ विभागात कोशांचं कपाट आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात आला. मी संध्याकाळी तिथं बसते आणि घरी ऐकलेला शब्द कोशात शोधते. सापडला की आजीला फोन करते. ती म्हणते, “सापडनारच. म्या काय खोटं बोलते व्हय?”

एसटीचंही सांगायला हवं. मी साताऱ्याला मुद्रितशोधनाच्या कामाला जाते, रोज येऊनजाऊन. एकदा संध्याकाळी महाबळेश्वर गाडीत बसले, पुस्तक उघडलं, आणि कानाला दडे बसले तेव्हा मान वर केली. वाई मागं पडली होती आणि पसरणी घाट अर्धा चढून झाला होता! कंडक्टरसाहेबांनी शांतपणे पाचगणीपर्यंतचं तिकीट काढून हातात दिलं, नियम तो नियम. मग शेजारी बसून विचारलं, “एवढं काय आहे त्यात?” मी सांगत गेले, ते ऐकत गेले, मागच्या सीटवरची दोन माणसंही पुढं सरकली. पाचगणीला गाडी आली तरी गोष्ट शिल्लक होती. परतीच्या गाडीच्या कंडक्टरला त्यांनी बजावलं, “ह्या बाईंना वाईला पुस्तकातनं बाहेर काढा आणि मगच उतरवा.” शेवटाला काय होतं ते मी त्यांना पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी आठवणीनं विचारलं होतं.

आणि गल्लीत? ‘तू लिहितेस ना’ म्हणून माझ्याकडं अर्ज येतात, लग्नपत्रिका येतात, बारशाच्या कविता येतात. मी एकालाही नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, अर्ज लिही. मी तीन पानं लिहिली, अगदी मनापासून. काकूंनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “छान आहे गं. पण पाणी येत नाही हे दुसऱ्या पानावर कळतंय.” अकरा ओळींचा अर्ज केला. खाली चौदा सह्या, दोन अंगठे. संबंधित कार्यालयात आधी दोनदा तोंडी सांगून काही हललं नव्हतं. पाचव्या दिवशी माणूस आला, व्हॉल्व्हची पेटी उघडली, तर व्हॉल्व्ह अर्धाच सुटलेला. संध्याकाळी गल्लीभर बादल्यांचा आवाज! आपण लिहिलेल्या अकरा ओळी अशा कानानं ऐकायला मिळणं, हे मी फार मोठं भाग्य समजते. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत हवी की दुसऱ्या पानावर, हा प्रश्न आता कथेतही काकूंच्या आवाजात ऐकू येतो.

म्हणून कुणी मला ‘एकटीच बसून लिहितेस, कंटाळा येत नाही?’ असं विचारलं की उत्तर काय द्यावं कळत नाही. माझ्या टेबलाशी आजी असते, काकू असतात, कंडक्टरसाहेब शेजारी बसलेले असतात, मागच्या सीटवरची माणसं पुढं सरकलेली असतात.

आज इथं येण्याआधी ती भाकरीची कथा आजीला पुन्हा वाचून दाखवली. आता भाकरीवर पाणी फिरतं, पापुद्रा फुगतो, नवरा येतो, पोरं उठतात, सगळे जेवून रानात जातात. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चांगलं झालंय. पर त्या बाईनं सवता खाल्ली का न्हाई?”

कथा परत उघडली आहे. ती बाई अजून जेवायची आहे, तेव्हा मी आता निघते.