हातभर अंतरावरून

(पडद्यावर : पांढरी भिंत, चौकटीत एक लहान मुद्राचित्र. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो.)

जवळ या. अजून थोडं. मोठं तैलचित्र पाहताना आपण दोन पावलं मागे होतो. हे चित्र वहीच्या पानाएवढं आहे. इथे नाक काचेला टेकेल इतकं पुढे यायचं.

चित्राभोवती कागद चौकोनी दबलेला दिसतोय? ती पत्र्याची कड. हे एचिंग आहे, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं मुद्राचित्र. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर चढवतात. त्यावर सुईने रेघ ओढली की तेवढंच मेण निघतं आणि धातू उघडा पडतो. मग पत्रा नायट्रिक आम्लात सोडतात. आम्ल उघडी जागा तेवढी खातं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल जाते आणि छापल्यावर गडद उमटते. मेण उतरवायचं, खाचांत शाई भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून काढायची. भिजवून टिपलेला कागद पत्र्यावर, त्यावर नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, आणि सगळं लोखंडी रुळाखालून बाहेर. दाबाने कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून ही रेघ कागदावर किंचित उभी असते. बोट लावायची परवानगी नाही, पण बाजूने उजेड पडला की तिचा उठाव डोळ्यालाही कळतो. मोबाइलवरच्या फोटोत नेमकं हेच हरवतं.

(पडद्यावर : चित्राखालची पेन्सिलीची अक्षरं.)

खाली डावीकडे लिहिलंय 7/25. पंचवीस प्रतींपैकी ही सातवी. पत्रा एकच, पण दर खेपेला शाई नव्याने भरायची आणि नव्याने पुसायची. हाताचा दाब बदलतो, म्हणून सातवी आणि आठवी अगदी जुळी नसतात. मुद्राचित्राला कुणी ‘नक्कल’ म्हटलं की मला वाईट वाटतं. यातली प्रत्येक प्रत मूळच असते.

(पडद्यावर : बडोद्यातला रस्ता, मग ललित कला विद्याशाखेचं आवार.)

आपण आहोत बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत. मराठी माणसाला हे शहर परकं नाही. सयाजीराव गायकवाडांनी इथे 1890 मध्ये कलाभवन सुरू केलं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे.मधून इथे आले आणि फोटोग्राफी, छपाई शिकले. त्यांच्या हाती सिनेमा यायच्या कितीतरी आधी कॅमेरा आणि छापखाना आला होता. या शहरात या दोन गोष्टींचा शेजार इतका जुना आहे.

विद्यापीठ 1949चं, ललित कला विद्याशाखा 1950ची. चित्रकला विभाग उभा केला तो ना. श्री. बेंद्रे यांनी. इंदुरात वाढलेले आपले मराठी चित्रकार. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत भावनगरचा एक तरुण होता, ज्योती भट्ट.

भट्टांवर जरा थांबायला हवं. न्यूयॉर्कमधल्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी धातूच्या पत्र्यावरून छापण्याचं तंत्र मुरवलं आणि 1966 मध्ये ते बडोद्याला परतले. त्यांचा उत्साह संसर्गजन्य होता. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर, जेराम पटेल या चित्रकारांनीही हे माध्यम हाताळलं. पुढच्याच वर्षी एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेचे फोटो काढायचं काम आलं. काम संपलं, पण भट्ट थांबले नाहीत. वर्षानुवर्षं ते गावोगाव कॅमेरा घेऊन फिरले. सारवलेल्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, राजस्थानात जमिनीवर आणि भिंतीवर काढतात ते मांडणे, बायकांच्या हातांवरचं गोंदण.

भिंतीवरचं चित्र सणापुरतं असतं. पुढच्या वर्षी घरातली बाई त्यावरून सारवते आणि नवं काढते. एखाद्या वर्षी भिंत सिमेंटची होते, आणि मग काढणंच थांबतं. भट्टांच्या छायाचित्रांत त्या भिंती आहेत आणि ती चित्रं काढणाऱ्या बायकाही आहेत. तीच गोंदणं, तेच मोर पुढे त्यांच्या मुद्राचित्रांत शिरले, गुजराती अक्षरांसोबत. ती अक्षरं पत्र्यावर आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागतात, तेव्हा कुठे कागदावर सुलट उमटतात. हे कळल्यावर मी त्यांचं एकेक अक्षर वेगळ्या नजरेने वाचू लागलो.

(पडद्यावर : दालनाचा दरवाजा. आत चार-पाच विद्यार्थी.)

म्हणून मला वाटतं, छोटं मुद्राचित्र आणि छोटं छायाचित्र बघावं ते कलाशाळेतल्या अशाच दालनात. महानगरातल्या मोठ्या गॅलरीत ते भिंतीवर हरवतं. इथे बघणाऱ्याच्या नखांत शाई असते. तो आधी विषय विचारत नाही, विचारतो, ‘आम्लात किती वेळ ठेवलंस?’ डार्करूममध्ये तासन्‌तास उभा राहिलेला मुलगा छायाचित्रातल्या काळ्यात अजून किती काळं आहे ते शोधतो. परीक्षकापेक्षा हा प्रेक्षक मला मोलाचा वाटतो.

दालनात उजेड थोडा कमी वाटला तर तक्रार करू नका. कागदाला आणि छायाचित्राला उजेड सोसत नाही. संग्रहालयं अशा कामांसाठी उजेड साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) धरतात. डोळ्यांना दोन मिनिटं द्या, रेघा आपोआप पुढे येतात.

अशी प्रदर्शनं थोडेच दिवस असतात. नंतर चौकटी उतरतात, चित्रांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालतात आणि ती सपाट खणांत आडवी ठेवतात.

(पडद्यावर : खण हळूच आत सरकतो.)