ड्रायरच्या पाठीमागची चार इंची वाट

मंडळी, अमेरिकेत आल्यावर आपण दोरी आणि चिमटे सोडून ड्रायर आपलासा केला, पण ते यंत्र कपडे वाळवते कसे, हे आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. ड्रायर खोलीतली हवा ओढतो, ती तापवून फिरत्या ड्रममधल्या ओल्या कपड्यांतून नेतो आणि दमट झालेली हवा चार इंची नळीतून घराबाहेर फेकतो. त्या हवेबरोबर लिंटही जाते. लिंट म्हणजे कपड्यांतून सुटलेली, पिंजलेल्या कापसासारखी आणि त्याच्याइतकीच लवकर पेटणारी लव. ही नळी यंत्राच्या बाहेर असली तरी ती यंत्राचाच भाग आहे, हे मला आज कळकळीने सांगायचे आहे.

नळी तुंबली की हवेचा ओघ मंदावतो, हीटरची उष्णता थोड्याच हवेला मिळून तापमान चढते, आणि बाहेर न जाऊ शकलेली लिंट यंत्राच्या पोटात, हीटरच्या आसपास साचू लागते. तापमान फार वाढले की आतला थर्मल फ्यूज, म्हणजे अति उष्णतेने वीज तोडणारा सुरक्षेचा भाग, उडतो. पुष्कळदा नवा फ्यूज बसवून काम उरकले जाते, पण तो का उडाला हे नळी उघडून पाहिल्याशिवाय ड्रायर पुन्हा सुरू करणे मला धोक्याचे वाटते. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या माहितीवरून काढलेल्या अंदाजानुसार घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या, आणि त्यांमागचे सर्वांत मोठे कारण, सुमारे ३४ टक्के, साफसफाई न करणे हेच होते.

आता बसवण्याविषयी. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात ड्रायरमागे पांढरी, घड्यांची प्लॅस्टिकची नळी होती, आणि कपडे दोन-दोन फेऱ्यांशिवाय वाळत नसत. अशी नळी दिसली तर ती आजच काढा. तिच्या घड्यांत लिंट अडकते आणि प्लॅस्टिक स्वतः जळते. भिंतीतून जाणारी नळी आतून गुळगुळीत, ताठ धातूची हवी. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या आदर्श संहितेत तिची कमाल लांबी साधारणपणे ३५ फूट आहे, आणि प्रत्येक नेहमीच्या काटकोनी वळणासाठी त्यातून ५ फूट वजा करायचे असतात. म्हणजे दोन वळणे असतील तर उरतात २५ फूट. ड्रायरच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर त्याचे पुस्तक पाहावे. सांधे जोडताना आत शिरणारे टोक हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावे आणि वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. कापडी चिकटपट्टी उष्णतेने सुटते, आणि आत घुसलेल्या लांब स्क्रूंवर लिंट अडकून गोळे धरते. यंत्रामागची लवचिक धातूची जोडनळी आठ फुटांच्या आत, एकसंध आणि उघडी असावी. ती भिंतीत लपवू नये.

नळीचे तोंड घराबाहेरच उघडले पाहिजे. माळ्यावर सोडलेली वाफ लाकडाला बुरशी आणते, आणि ड्रायर गॅसचा असेल तर अडलेल्या नळीमुळे कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. बाहेरच्या तोंडाला उलट वारा रोखणारी झडप हवी, जाळी मात्र नको. पक्षी आत येऊ नयेत म्हणून चांगल्या हेतूने लावलेली जाळी काही महिन्यांत लिंटने गच्च भरते.

निगा फार अवघड नाही. ड्रायरमधली लिंट अडवणारी गाळणी प्रत्येक वेळी साफ करावी. कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायच्या पातळ पट्टीमुळे, म्हणजे ड्रायर शीटमुळे, तिच्यावर न दिसणारा थर बसतो, म्हणून अधूनमधून तिच्यावर पाणी ओतून पाहावे. पाणी थबकले तर साबण आणि मऊ ब्रशने ती धुवावी. वर्षातून एकदा प्लग काढून, गॅसचा ड्रायर असल्यास गॅसची तोटीही बंद करून, पूर्ण नळी लांब ब्रशने साफ करावी किंवा जाणकाराकडून करून घ्यावी. यंत्र चालू असताना बाहेर जाऊन झडप पुरती उघडते का, हेही पाहावे.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अभ्यंगाचे तेलकट पंचे, तळणीची फडकी, समईखालचे कापड धुतल्यावरही तेल थोडे राहते. तिळाचे किंवा सूर्यफुलाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडते, आणि ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करून ठेवलेल्या कापडांत ही उष्णता कोंडून ती कापडे आपोआप पेटू शकतात. असे कपडे दोरीवरच वाळवावेत.

भारतातल्या फ्लॅटसाठी ड्रायर घ्यायचा असेल आणि बाहेरच्या भिंतीपर्यंत नळी नेणे शक्य नसेल, तर उष्मापंपाचा ड्रायर पाहावा. तो हवा आतल्या आतच फिरवतो आणि निघालेले पाणी टाकीत किंवा मोरीत सोडतो. त्याची गाळणी मात्र तितक्याच नेमाने साफ करावी लागते.