प्रश्न मराठीत, राज्य कर्नाटक

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या बाजारपेठेतील एका झेरॉक्सच्या दुकानात एक गृहिणी फोनवरील माइकचे बटण अंगठ्याने दाबून धरतात आणि विचारतात, "बायकांना महिन्याला पैसे मिळतात, त्याला काय काय कागद लागतात?" चॅटबॉटचे उत्तर लगेच येते. भाषा स्वच्छ आहे, सूर आदबीचा आहे. मात्र माहिती आहे ती महाराष्ट्राच्या 'लाडकी बहीण' योजनेची, दरमहा १५०० रुपयांची. या बाई कर्नाटकाच्या रहिवासी आहेत आणि येथे पात्र कुटुंबप्रमुख महिलेला 'गृहलक्ष्मी' योजनेतून दरमहा २००० रुपये मिळतात.

चॅटबॉटमागचे हे यंत्र आधी वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा शब्द जुळवत जाते आणि मराठीत लिहिलेला बहुतेक मजकूर महाराष्ट्रातला असल्याने, मराठी प्रश्न आला की विचारणाराही तिथलाच असावा असे ते धरून चालते. जमिनीच्या उताऱ्याबाबतही तेच घडते: उत्तरात सातबारा आणि तलाठी येतात, तर बेळगावच्या शेतकऱ्याचा उतारा म्हणजे आरटीसी, आणि त्याची नोंद असते 'भूमी' या कर्नाटकाच्या संगणकीय व्यवस्थेत.

लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात, याविषयी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन कसोट्या मांडल्या: ते उपयोगी वाटणे आणि वापरायला सोपे वाटणे. दुसरी कसोटी येथे केव्हाच पार झाली आहे, कारण ज्यांना टंकलेखन जमत नाही त्या आजीही बोलून प्रश्न विचारतात, हे आपण पाहतच आहोत. अडचण पहिल्या कसोटीची आहे. दुकानदार तोच प्रश्न पुन्हा विचारतात, फक्त सुरुवातीला "मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात राहते" एवढे जोडतात, आणि या वेळी पडद्यावर 'गृहलक्ष्मी' उमटते. रेशन कार्ड, आधार, बँक खाते अशी यादी बाई बोट ठेवून वाचतात.

चुकीच्या उत्तरामुळे हेलपाटा पडतो आणि दिवसाची मजुरी बुडते, ते वेगळेच.

सीमाभागातील मराठी माणूस बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतो. पण अर्जातील अटी नीट उमगण्यासाठी त्याला मायबोलीच लागते आणि तो त्याचा हक्कच आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते. म्हणून योजनांविषयी उत्तर देणाऱ्या प्रत्येक चॅटबॉटने भाषेवरून राज्य ठरवू नये; आधी जिल्हा विचारावा आणि कर्नाटकाच्या योजनांची अधिकृत माहिती मराठीतूनही उपलब्ध व्हावी.