सर्व्हर गप्प बसतो तेव्हा

(कुडाळला केबल आणि वायफायची कामं करणाऱ्या मुलांसमोर केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तारकर्लीच्या एका घरून काकींचा फोन आला. "झिला, वायफाय दिसता, पण चालना नाय." आदल्या रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं. पुतण्याने राउटर, स्विच, सर्व्हर सगळं दोनदा बंद-चालू करून झालं होतं. मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाइल हातात धरून पडवीत बसलेले, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकच ओळ: 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे.'

ही ओळ दिसली की आपली मंडळी आधी सर्व्हरला, म्हणजे प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीला, दोष देतात. डीएचसीपी मेला, नवा टाका. माझं म्हणणं असं की सर्व्हर उत्तर देत नाही याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, त्याला हाक ऐकूच गेली नाही. दोन, ऐकू गेली, पण त्याने गप्प बसायचं ठरवलं. यातलं कोणतं, हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

ठरवायचं कसं? सर्व्हरवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावा, यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ वर; डीएचसीपीची बोलणी तिथेच चालतात. फोन ओरडतो ती 'डिस्कव्हर', सर्व्हर देऊ करतो ती 'ऑफर', मग फोन तो पत्ता मागतो ती 'रिक्वेस्ट' आणि सर्व्हर होकार देतो ती 'ॲक'. काकींच्या घरी मी लावलं तर डिस्कव्हर, डिस्कव्हर, डिस्कव्हर. एकाच फोनच्या हाका, मधलं अंतर वाढत चाललेलं. ऑफर एकही नाही. म्हणजे वायर ठीक, स्विच ठीक. आपल्याकडे खाऱ्या हवेने पिना गंजतात, विजेने पोर्ट जळतात, पण त्या दिवशी तसं काही नव्हतं.

इथे एक खाच आहे. टीसीपीडंपला दिसलं म्हणजे सर्व्हरला मिळालंच असं नाही. तो पाकीट बघतो ते फायरवॉलच्या, म्हणजे नको ती पाकिटं अडवणाऱ्या भिंतीच्या, अलीकडे. डीएनएसमास्क हा डीएचसीपी सर्व्हर चालवत असाल आणि ६७ नंबरचा पोर्ट फायरवॉलने अडवला असेल, तर टीसीपीडंपमध्ये हाका दिसतील आणि सर्व्हर स्वतः लिहितो तो लॉग कोरडा राहील. उलट आयएससी या संस्थेचा जुना सर्व्हर, डीएचसीपीडी, रॉ सॉकेटवर, म्हणजे फायरवॉलला वळसा घालून, ऐकतो, फायरवॉल लावली तरी त्याला ऐकू येतं. या फरकापायी मी एकदा अख्खी रात्र घालवली आहे.

काकींचा लॉग कोरडा नव्हता. प्रत्येक डिस्कव्हरपुढे लिहिलं होतं, 'नो ॲड्रेस अव्हेलेबल'. सर्व्हर ऐकत होता, बिचाऱ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. वाटायच्या पत्त्यांची रेंज होती १०० ते १५०, म्हणजे ५१ पत्ते. लीज, म्हणजे एकदा दिलेला पत्ता धरून ठेवायची मुदत, सात दिवसांची. आणि आदल्या रात्री वाडीतलं भजनी मंडळ येऊन गेलेलं. पासवर्ड सगळ्या वाडीला पाठ. तासभर भजन, उसळपाव, चहा, की मंडळी पुढच्या घरी. त्यांचे फोन मात्र एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे जागा धरून गेले, सात दिवसांसाठी. बंद-चालू करून फरक पडणार नव्हता. कोणाला कोणता पत्ता दिला याची वही त्या सर्व्हरवर डिस्कमध्ये असते, चालू झाला की तो तीच वही उघडतो.

गप्प बसण्याचा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण तो चक्क नियमात लिहिलेला आहे. डीएचसीपीच्या नियमांचा कागद, १९९७ सालचं आरएफसी २१३१, काढून बघा. लॅपटॉप मुंबईहून येतो आणि डिस्कव्हर न करता थेट जुन्या पत्त्याचीच रिक्वेस्ट करतो: मला माझा तोच पत्ता द्या. सर्व्हरच्या वहीत या लॅपटॉपची नोंदच नसेल, तर नियम सांगतो की त्याने गप्प राहावं. न जाणो, त्याच तारेवर दुसरा सर्व्हर असेल आणि पत्ता त्याने दिलेला असेल. डीएचसीपीडीला 'ऑथोरिटेटिव्ह' असं लिहून दिलंत की तो चुकीच्या नेटवर्कचा पत्ता मागणाऱ्याला स्पष्ट नकार देतो, आणि लॅपटॉप नव्याने सुरुवात करतो. ती ओळ नसली तर लॅपटॉप आधी वाट बघत बसतो आणि गिऱ्हाईक आपल्याला फोन लावतं.

हाक पोहोचतच नसेल तर बहुतेक वेळा मध्ये राउटर किंवा वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क, असतो. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक, राउटर ओलांडत नाही, तिथे ती पुढे पोहोचवणारा रिले लावावा लागतो. त्यावर पुढच्या वेळी बोलू.

तर काकींकडे मी लीज दोन तासांवर आणली, रेंज २० ते २५० केली, वही रिकामी केली. आरतीच्या आधी सगळे फोन लागले. काकींनी पानावर दोन मोदक जास्त वाढले.

चार दिवसांनी पुन्हा फोन. गेटवरचा कॅमेरा दिसत नाही. त्या कॅमेऱ्याला कोणीतरी २०० हा पत्ता हाताने घालून ठेवला होता, आणि आता तो माझ्या रेंजमध्ये आला होता. काकींकडचा डीएनएसमास्क पत्ता देण्याआधी पिंग करून, म्हणजे तिथे कोणी आहे का अशी हाक मारून, बघतो, पण तेव्हा लाईट गेलेली. सर्व्हर इन्व्हर्टरवर, कॅमेरा नाही. पिंगला उत्तर आलं नाही, आणि २०० नंबर काकींच्या जावयाच्या फोनला मिळाला.