चितांबोला जाताना

मी मालावीत दोन वर्षं गणित शिकवलं. झोम्बाजवळची माध्यमिक शाळा, एकेका वर्गात सत्तर मुलं, तिघांत एक पुस्तक. शाळेबद्दल बोलायला लागले तर माझी आजची वेळ तिथेच संपेल. संयोजकांनी प्रवासाविषयी बोला असं सांगितलं आहे, म्हणून 2016च्या मोठ्या सुट्टीत आम्ही चौघांनी जो प्रवास केला, त्याविषयीच बोलते.

चौघे म्हणजे कोण? आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारा सहकारी, हा मूळचा मांगोचीकडचा, याओ समाजातला. केनियातल्या मोंबासाहून आलेली एक नर्स. विहिरींच्या कामावर असलेली एक डच मैत्रीण. आणि मी. पैसे एकाच पिशवीत ठेवायचे, ती पिशवी डच मैत्रिणीकडे, आणि रोज रात्री हिशेब, एवढाच काय तो नियम होता. महिनाभरात पैशांवरून एकदाही वाद झाला नाही. मित्रांबरोबर लांब जाणार असाल तर ही पिशवीची पद्धत जरूर करून बघा.

तिकडे मिनीबस वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. लिलाँग्वेच्या स्थानकावर आम्ही सकाळी सहाला बसलो आणि निघालो साडेनऊला. त्या साडेतीन तासांत खिडकीशी उकडलेली अंडी आली, शेंगा आल्या, मोबाइलचे चार्जर आले, एका बाईंचं बाळ माझ्या मांडीवर येऊन झोपलं. बाळ देताना त्यांनी मला काही विचारलं नाही. शेजारी बसलेली बाई आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. आणखी एक गोष्ट मी तिथे शिकले. रस्ता विचारायचा असो की टोमॅटोचा भाव, आधी 'मुली ब्वांजी', म्हणजे कसे आहात, हे विचारायचं, समोरच्याचं उत्तर ऐकायचं, आपलं सांगायचं, आणि मग कामाचं बोलायचं. माझी डच मैत्रीण पहिल्या महिन्यात थेट प्रश्न विचारायची, तेव्हा लोक उत्तर द्यायचे पण गप्प व्हायचे. नमस्कारापासून सुरुवात केल्यावर तेच लोक तिला फाट्यापर्यंत सोडायला येऊ लागले.

म्चिंजीची सीमा ओलांडून झांबियात चिपाटा, तिथून लुसाका. सीमा ओलांडली तरी ताटातलं अन्न तेच राहतं, नाव तेवढं बदलतं. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा मालावीत न्सिमा, झांबियात न्शिमा, पुढे टांझानिया-केनियात उगाली, आणि झिम्बाब्वेत साद्झा. हाताने तोडायचा, बोटांनी वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी किंवा मासळीचा रस्सा घ्यायचा. भाकरी मोडून खाणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. झांबियात पालेभाजी शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात, तिला इफिसाशी म्हणतात. पहिला घास घेतला आणि मला घरचा स्वयंपाक आठवला.

लुसाकाहून खाली लिव्हिंगस्टन गावी गेलो. व्हिक्टोरिया धबधब्याचं वर्णन मी फार करणार नाही, ते तुम्ही ऐकलं असेल. सुमारे 1,700 मीटर रुंद, 108 मीटर उंच, आणि स्थानिक नाव मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर. मला बोलायचं आहे ते त्या संध्याकाळी झालेल्या बोलण्याविषयी. माझा सहकारी म्हणाला, "1855 साली लिव्हिंगस्टन, हा स्कॉटिश मिशनरी आणि शोधक, इथे आला आणि धबधब्याला आपल्या राणीचं नाव दिलं. या गावाला त्याचं नाव. आमच्या ब्लांटायर शहराला तो स्कॉटलंडमध्ये जिथे जन्मला त्या गावाचं नाव. आणि ज्यांनी त्याला मेल्यावर समुद्रापर्यंत वाहून नेलं, त्यांचं नाव कशाला आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू नाशिकची ना? मग तुला नासिक बॉइज माहीत असतील."

मला माहीत नव्हते. शरणपूर रस्त्यावरून मी पाच वर्षं सायकलने कॉलेजला गेले आहे, आणि मला माहीत नव्हतं. तो इतिहास मला झांबेझीच्या काठी एका मालावीच्या शिक्षकाने सांगितला.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी मुलं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गलबतांवरून सोडवत असे. सोडवलेल्या मुलांना घरी परत नेणं शक्य नव्हतं. गावं जळालेली, आईबाप कुठे आहेत ठाऊक नाही. त्यातल्या बऱ्याच मुलांना मुंबईला उतरवलं जाई, आणि काहींना नाशिकला, मिशनच्या शरणपूर वसाहतीत पाठवत. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. नाशिकच्या बाजारात कानावर पडलेली मराठीही त्यांच्या तोंडी बसली असणार, असं मला वाटतं. लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेसाठी निघाला तेव्हा त्याने यांतली नऊ मुलं बरोबर घेतली, आणि 1872 साली आणखी काही जण त्याच्या मदतीला गेले. त्यांत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कारस फरार होता. मुंबईशीही धागा आहे. लिव्हिंगस्टनचे जवळचे साथीदार दोन, चुमा आणि सुसी. त्यांतला चुमा हा मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेला, म्हणजे ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचा सगळा बेत बदलला आणि उत्तरेला सरेंजेची बस धरली.

सरेंजेच्या पुढे मानसाच्या रस्त्याला, कासांका राष्ट्रीय उद्यानाच्या पलीकडे, एक मातीचा रस्ता झाडीत शिरतो. एका पिकअपच्या मागे मक्याच्या पोत्यांवर बसून आम्ही गेलो. ऑगस्टची थंडी होती, गवत जाळलेलं, हवेत धूर. शेवटी एका मोकळ्या जागेत साधा, वर क्रॉस असलेला स्तंभ. हे चितांबो. 1 मे 1873 रोजी लिव्हिंगस्टन इथे एका झोपडीत वारला.

त्यानंतर जे घडलं ते मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं. बरोबरच्या माणसांना तिथेच पुरून आपापल्या वाटेने जाता आलं असतं. विचारणारं कोणी नव्हतं. त्यांनी देह त्याच्या माणसांकडे पोचवायचं ठरवलं. काळीज काढून म्पुंदूच्या झाडाखाली पुरलं, आणि जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, कारण त्याला वाचता येत होतं, आणि वाचायला तो आपल्या नाशिकला शिकला होता. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली. मग मीठ लावून देह पंधरा दिवस उन्हात सुकवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि चालायला लागले. मृतदेह गावातून न्यायला लोक घाबरत, विरोध करत, म्हणून पुढे त्यांनी तो कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला. वाटेत उन्यान्येंबेला कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. इथेच पुरा, असं त्याने सुचवलं. यांनी नकार दिला. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट, आणि किनाऱ्यावर बागामोयोला पोचले ते फेब्रुवारी 1874 मध्ये.

जेकब वेनराइट याओ होता. माझा सहकारी त्या स्तंभापाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हा आमचा मुलगा." मी म्हणाले, "आमचाही." तो हसला नाही, मीही हसले नाही. तिथल्या रखवालदाराने वही पुढे केली. त्याने गावाच्या रकान्यात मांगोची लिहिलं, त्याच्याखाली मी नाशिक लिहिलं, देवनागरीत.

सरेंजेहून रात्री ताझारा रेल्वे धरली. ही झांबियाच्या कापिरी म्पोशीपासून दार-ए-सलामपर्यंत 1,860 किलोमीटरची लाइन. ऱ्होडेशिया (आजचं झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिका यांच्या गोऱ्या राजवटींवर अवलंबून न राहता झांबियाचं तांबं समुद्रापर्यंत जावं, म्हणून टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे आणि झांबियाचे अध्यक्ष काउंडा यांनी चीनच्या मदतीने सत्तरच्या दशकात ती बांधून घेतली. चार बर्थचा आख्खा डबा घेतला तरच स्त्री-पुरुष एकत्र बसू शकतात, तसा आम्ही घेतला. सीमेवर पासपोर्टवाले गाडीतच येतात, त्यांच्यामागून नोटा बदलून देणारे, आणि जेवणाच्या डब्यात न्शिमाची उगाली होते.

टांझानियाच्या बाजूला मकांबाकोपासून गाडी बोगद्यांतून उतरत म्लिंबाला येते. प्रत्येक स्टेशनवर डोक्यावर केळी, भात, ऊस घेतलेल्या बायका, आणि रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या मागणारी मुलं. पुढे सेलूच्या जंगलात खिडकीतून जिराफ दिसले. माझं लक्ष मात्र कानांकडे होतं. शेजारच्या बायका स्वाहिलीत बोलत होत्या आणि मला मधेच शब्द ओळखू येत होते. गारी म्हणजे गाडी. दुका म्हणजे दुकान. गुनिया म्हणजे गोणी. बांगिली म्हणजे बांगडी. लाकी म्हणजे लाख. टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, ती काचुंबारी. माझी नर्स मैत्रीण प्रत्येक शब्दाला म्हणायची, "हा आमचा आहे!" आणि मी म्हणायचे, "बरं, तुमचा." वडीलधाऱ्यांना ती 'शिकामू' म्हणून नमस्कार करायची. त्याचा मूळ अर्थ 'मी पाय धरते' असा सांगतात. मीही म्हणायला लागले, आणि डब्यातल्या एक आजी 'मराहाबा' म्हणत माझा हात हातात धरून ठेवायच्या.

सरेंजे ते दार-ए-सलाम आम्हाला दोन रात्री लागल्या. त्या लोकांना, वाट वेगळी असली तरी, नऊ महिने. बागामोयोला मिशनचा जुना मनोरा आहे, तिथे देह एक रात्र ठेवला होता. वाहून आणणाऱ्यांना पगार देऊन किनाऱ्यावर निरोप दिला गेला. विलायतेला अंत्यविधीसाठी त्यांच्यातला एकटा जेकब वेनराइट पोचला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला त्याने खांदा दिला. तिथल्या शिळेवर लिहिलं आहे की विश्वासू हातांनी भूमी आणि समुद्र ओलांडून याला इथे आणलं. ते हात कोणाचे, हे शिळेवर नाही. मला हे आजही सहन होत नाही. म्हणून मी जिथे बोलायला जाते तिथे नावं घेते. चुमा, सुसी, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार.

तिथून नर्स मैत्रिणीच्या घरी मोंबासाला गेलो. तिच्या आईने नारळाच्या दुधातला भात केला होता. संध्याकाळी ती आम्हाला न्याली पुलाच्या पलीकडे केंगेलेनीला घेऊन गेली. केंगेले म्हणजे घंटा. मुक्त झालेल्या गुलामांसाठी 1875 साली इथे फ्रियर टाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने. वसवणारे मिशनरी प्राइस हे आधी नाशिकच्या शरणपूरलाच होते, आणि इथल्या पहिल्या शिक्षकांत, सुतारांत नाशिकहून आलेली माणसं होती. मैत्रीण लहानपणापासून त्या घंटेवरून शाळेला गेलेली. जशी मी शरणपूर रस्त्यावरून.

परत आल्यावर सहकाऱ्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, शरणपूरचा फोटो. एका रविवारी सकाळी जाऊन मी काढला. चर्च, झाडं, रस्ता, रस्त्यावरच्या रिक्षा. त्याने तो छापून वर्गातल्या नकाशाशेजारी लावला आहे. फॉर्म थ्रीच्या मुलांनी मला प्रश्न पाठवले. त्यांतला पहिला होता, तिथे मका पिकतो का? मी लिहिलं, पिकतो, आणि आमच्याकडे कणसं कोळशावर भाजून वर लिंबू-तिखट चोळून खातात. पुढच्या पत्रात त्यांनी कळवलं की त्यांनी तसं करून बघितलं.