संपलं? इतकंच? : 'हीरोज'च्या तेविसाव्या भागाची गोष्ट

[पडद्यावर काळोख. जुन्या सीआरटी मॉनिटरचा 'टंग्' असा आवाज. हळूहळू निळसर उजेड.]

मे २००७. पुण्यातलं एक इंजिनिअरिंगचं हॉस्टेल. पीएल चालू आहे. पीएल म्हणजे परीक्षेआधीची सुट्टी, अभ्यास सोडून बाकी सगळं करायची.

सतरा इंची मॉनिटर आणि त्याच्यासमोर अकरा जण. सहा कॉटवर, चार सतरंजीवर आणि एक दारात उभा, कारण त्याला "फक्त दहा मिनिटं" बघायचं होतं. तो शेवटपर्यंत तसाच उभा राहिला. अमेरिकेत सोमवारी रात्री लागलेला भाग आपल्याकडे मंगळवारी संध्याकाळपर्यंत हॉस्टेलच्या लॅनवर यायचा. साडेतीनशे एमबीची फाईल. कुणी उतरवली हे विचारायची पद्धत नव्हती.

ती फाईल म्हणजे 'हीरोज' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सीझनचा तेविसावा आणि शेवटचा भाग. अमेरिकेत एनबीसीवर २१ मे २००७ ला लागलेला. नाव, 'हाऊ टू स्टॉप अॅन एक्स्प्लोडिंग मॅन'. म्हणजे स्फोट होऊ घातलेल्या माणसाला थांबवायचं कसं.

भाग संपला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग कॉटवरून कुणीतरी म्हणालं, "पुढची फाईल लाव."

"पुढची नाहीये. हीच शेवटची."

"संपलं?"

"संपलं."

"इतकंच?"

त्या आठवड्यात हा प्रश्न आमच्या खोलीपुरता नव्हता. ज्या देशात ही मालिका तयार झाली तिथेही एक कोटी तीस लाखांहून जास्त लोकांनी तो भाग पाहिला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडून त्यांच्या भाषेत नेमकं हेच निघालं.

[पडद्यावर: सूर्यग्रहण. अर्धी झाकली गेलेली पृथ्वी.]

थोडं मागे जाऊ. २५ सप्टेंबर २००६. टिम क्रिंग या लेखकाची नवी मालिका सुरू होते. सुपरहीरोंची मालिका, पण कुणाच्या अंगावर घट्ट कपडे नाहीत की पाठीवर झूल नाही. टोकियोच्या ऑफिसातल्या क्यूबिकलमध्ये बसलेला हिरो नाकामुरा नुसतं डोळे मिटून, चेहरा आवळून घड्याळाचा काटा मागे नेतो आणि "यात्ता!" (जपानीत 'जमलं!') म्हणून ओरडतो. टेक्सासमधल्या ओडेसा गावची क्लेअर बेनेट उंचावरून उडी मारते, हाडं मोडतात आणि आपोआप जुळतात. मॅट पार्कमन हा लॉस एंजेलिसचा साधा पोलीस, त्याला लोकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं, पण बायकोशी नीट बोलता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये पेट्रेली भाऊ आहेत. थोरला नेथन राजकारणी, त्याला उडता येतं आणि त्याची लाज वाटते. धाकटा पीटर नर्स, ज्याच्याजवळ जाईल त्याची शक्ती उचलतो. आणि आपला चेन्नईचा मोहिंदर सुरेश. वडिलांचं अर्धवट संशोधन घेऊन न्यूयॉर्कला येतो आणि टॅक्सी चालवत चालवत जनुकांवर भाषण देतो. त्याच्या तोंडच्या त्या निवेदनाची आम्ही हॉस्टेलात यथेच्छ नक्कल करायचो. (हे निवेदन लिहिताना तो सूर आपल्याही आवाजात शिरतोय की काय, अशी धास्ती वाटतेय.)

ही सगळी माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, आणि मालिकेची सगळी गंमत तिथेच होती. एका भागात दोघं एकाच हॉटेलात खातात, पण ओळख होत नाही. दुसऱ्या भागात एक जण दुसऱ्याच्या गाडीसमोरून जातो. प्रेक्षक ओरडतो, "अरे, हाच तो!" आणि ते दोघं निघून जातात. जत्रेत हरवलेल्या भावंडांची गोष्ट आपल्याला नवी नाही. इथे ती डझनभर भावंडांची होती, आणि त्यांना आपण भावंडं आहोत हेही माहीत नव्हतं.

वायदा मात्र पहिल्याच भागात दिला होता. न्यूयॉर्कमधल्या, भविष्य रंगवणाऱ्या चित्रकाराच्या खोलीत जमिनीवर एक भलंमोठं चित्र: शहराच्या मधोमध अणुस्फोट. तारीखही ठरलेली, ८ नोव्हेंबर. म्हणजे ही माणसं कधीतरी एकत्र येणार, एका चौकात उभी राहणार आणि ते चित्र पुसणार. तेवीस भाग प्रेक्षक या एका भेटीसाठी थांबला होता.

[पडद्यावर: हाताने लिहिलेल्या नोंदी. नावं, बाण, प्रश्नचिन्हं.]

आणि तो नुसता थांबला नव्हता, हिशेब ठेवत होता. खलनायक सायलर, मूळचा घड्याळजी. लोकांची डोकी उघडून त्यांच्या शक्ती चोरतो. कुणाची कोणती शक्ती आता त्याच्याकडे आहे आणि पीटरकडे कोणकोणत्या जमल्या आहेत, याची वही मेकॅनिकलच्या एका मुलाने खरंच केली होती. जर्नल कोरं, पण ही वही अद्ययावत. त्याच्या हिशेबाने शेवटच्या लढाईत दोन्ही बाजूंना मिळून डझनभर शक्ती हाताशी होत्या.

विसाव्या भागात मालिका पाच वर्षं पुढच्या काळात गेली. पीटर आणि सायलर पहिल्यांदा तोलामोलाने समोरासमोर उभे राहिले. एकाच्या हातात आग, दुसऱ्याच्या हातात बर्फ. आणि दार बंद झालं. आतली मारामारी आपल्याला दिसली ती दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात. आमच्या खोलीत कुणीही कुरकुरलं नाही. उलट सगळ्यांचं एकमत झालं: शेवटासाठी राखून ठेवलंय.

काही राखून ठेवलेलं नव्हतं.

[पडद्यावर: रात्र. एक मोकळा चौक. मधोमध लाल, पीळदार शिल्प.]

कर्बी प्लाझा. नाव ठेवलंय कॉमिक्सचे थोर चित्रकार जॅक कर्बी यांच्यावरून. मधोमध लाल रंगाचं, डीएनएच्या पिळासारखं शिल्प. सगळे एकदाचे जमले.

आता काय होतं ते नीट बघा. पीटर आणि सायलर समोरासमोर येतात. सायलर हात न लावता पीटरचा गळा आवळतो. पार्कमन पुढे होऊन गोळ्या झाडतो, सायलर त्या हवेत थांबवतो आणि उलट त्याच्याच छातीत घालतो. पार्कमन खाली. मग निकी येते. तिच्या अंगात दहा माणसांचं बळ. ती फुटपाथवरचा पार्किंग मीटर उपटते आणि सायलरला हाणते. एकदा. मग तिला मुलाची आठवण होते आणि ती बाजूला जाते. मग पीटर उठतो आणि सायलरला गुद्दे मारतो. डझनभर शक्ती बाळगणारा माणूस गुद्दे मारतो! मग हिरो येतो, ओरडत धावतो आणि तलवार आरपार घालतो. सायलर पडता पडता त्याला उडवून देतो आणि हिरो थेट १६७१ सालच्या जपानमध्ये जाऊन पडतो.

झालं. चहा निवायच्या आत.

आमच्याकडे पहिला आवाज फुटला तो पार्किंग मीटरपाशी. "मीटर? अरे, मीटर?" दारातला मुलगा इतका हसला की त्याला चौकट धरावी लागली. सायलरकडे त्याच क्षणी हजारो अंश तापमानाची किरणोत्सारी शक्ती होती, वस्तू वितळवायची शक्ती होती. त्याला लोळवलं ते महापालिकेच्या मालमत्तेनं.

दुसरा आवाज नंतर आला आणि तो जास्त दूर पोहोचला. पीटरच्या अंगातली स्फोटाची शक्ती अनावर होते. तोच बाँब आहे. क्लेअर त्याच्यावर पिस्तूल रोखून रडत उभी. आकाशातून नेथन उतरतो, भावाला मिठी मारतो आणि घेऊन वर जातो. उंच आभाळात उजेड फुटतो. शहर वाचतं.

मेकॅनिकलवाल्याने वही मिटली आणि शांतपणे विचारलं, "पीटरला पण उडता येतं ना? मग तो स्वतःच का नाही उडाला?"

जगभरातल्या प्रेक्षकांनी हाच प्रश्न धरला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. खुलासे देता येतात: एका वेळी दोन शक्ती त्याला पेलत नव्हत्या, तो भानावर नव्हता. पण असा खुलासा पडद्यावर एका वाक्यात द्यायचा असतो. तो प्रेक्षकाने लेखकाच्या वतीने जेवताना द्यायचा नसतो.

[पडद्यावर: टेक्सासमधल्या घराचं बैठं रूप. खिडकीत पिवळा उजेड.]

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. प्रश्न मीटरचा नव्हता आणि उडण्याचाही नव्हता. आमच्या मनातली भेट झालीच नाही, हे खरं दुःख होतं. सगळे एका चौकात आले, पण बँकेच्या काउंटरपाशी उभं राहावं तसे आले. एकेकाचा नंबर लागला, एकेकाने एकेक फटका दिला आणि बाजूला झाला. कुणी कुणाकडे बघून काही ठरवलं नाही. एकाची शक्ती दुसऱ्याच्या शक्तीला जोडून काही तिसरंच झालं नाही. टोळी जमली, पण टोळीचं काम झालं नाही. डोंगर पोखरून उंदीर म्हणतात, तेही इथे पुरतं बसत नाही. उंदीर निदान पळतो तरी.

हे त्यांना जमत नव्हतं असंही नाही. याच सीझनचा सतरावा भाग काढून बघा, 'कंपनी मॅन'. लेखक ब्रायन फुलर. अख्खा भाग जवळजवळ एका घरात घडतो. अंगातून किरणोत्सार फेकणारा टेड स्प्रेग आणि मनातलं ऐकणारा पार्कमन, दोघं क्लेअरच्या घरात घुसून कुटुंबाला ओलीस धरतात. हॉलमध्ये बसलेली पाच-सहा माणसं, मधे कॉफी टेबल, आणि कोण काय लपवतंय ते एकाला ऐकू येतंय. बाप मनातल्या मनात पार्कमनशी बोलायला लागतो, कारण तेवढं तोच ऐकू शकतो. इथे शक्तीला शक्ती जोडली गेली! शेवटी टेडचा ताबा सुटतो, घर पेटतं आणि क्लेअर टेडला टोचायचं भुलीचं इंजेक्शन हातात धरून त्या आगीत चालत जाते. तिची कातडी जळते, तरी ती चालत राहते. मग बाहेर येते आणि बापासमोर तिचा चेहरा पुन्हा भरून येतो.

स्फोट होऊ घातलेल्या माणसाला थांबवायचं कसं, हे सहा भाग आधीच दाखवून झालं होतं. आणि गंमत म्हणजे दोन्ही भागांचा दिग्दर्शक एकच, अॅलन आर्कुश.

अर्थात टीव्हीच्या अडचणी असतात. अमेरिकेत तासाभराच्या भागाचं चित्रीकरण साधारण आठ दिवसांत उरकतात. असे तेवीस भाग, एकामागून एक, सप्टेंबर ते मे. आगीचा लोळ, बर्फ, उडणं, गोठलेल्या गोळ्या, हे सगळं कॉम्प्युटरवर रंगवायचं तर दर सेकंदाला पैसे पडतात. म्हणून दार बंद होतं, म्हणून गुद्दे. 'हीरोज' तेवढ्यात भागवत होती आणि बऱ्याचदा छान भागवत होती. पण आठ महिने आमंत्रण देऊन बोलावलेल्या पाहुण्याला मांडवात बसल्यावर आचारी आजारी आहे हे सांगून चालत नाही.

आता थोडं त्या भागाच्या बाजूनेही. भाऊ भावाला उचलून आभाळात नेतो, हा शेवट चुकीचा नव्हता. ही गोष्ट पहिल्या भागापासून दोघा भावांचीच होती: गच्चीवरून उडी मारणारा धाकटा आणि खाली झेलायला आलेला थोरला. ज्याला आपल्या उडण्याची लाज वाटते, ज्याने शहराचा बळी जाऊ द्यायचं जवळपास मान्य केलं होतं, तोच शेवटी उडतो. पीटर एकटा उडाला असता तर गणित सुटलं असतं आणि गोष्ट बुडाली असती. हे मला त्या रात्री कळलं नाही. खूप नंतर, एकट्याने पुन्हा पाहताना कळलं. त्या रात्री अकरा जणांत मीटरवर हसणं सोपं होतं.

[पडद्यावर: गटाराचं झाकण. रक्ताचा ओघळ. एक झुरळ.]

शेवटच्या शेवटी सायलरचं प्रेत जागेवर नसतं. रक्ताचा माग गटाराच्या झाकणापर्यंत जातो. म्हणजे खलनायकही मेला नाही.

२४ सप्टेंबर २००७ ला दुसरा सीझन सुरू झाला. नेथन जिवंत. दाढी वाढवून दारू पीत बसलेला. पीटर जिवंत. आयर्लंडमध्ये एका कंटेनरमध्ये, अंगात शर्ट नाही, डोक्यात आठवण नाही. त्या भागातली जी एक गोष्ट प्रेक्षकाच्या घशाखाली उतरली होती, भावाचं बलिदान, तीही परत घेतली. माझ्या लेखी खरी माती इथे झाली. लढाई फुसकी निघाली तर प्रेक्षक चिडतो, पण रडून झाल्यावर "तसं काही झालंच नव्हतं" म्हटलं की तो उठून जातो.

हिरो जपानमध्ये भागामागून भाग अडकून पडला. नोव्हेंबरमध्ये टिम क्रिंगने 'एन्टरटेन्मेंट वीकली'ला मुलाखत देऊन प्रेक्षकांकडे चूक कबूल केली: गोष्ट फार संथ झाली, जपान लांबलं, प्रेमप्रकरणं जमली नाहीत. चालू मालिकेचा कर्ता असं उघड बोलतो हे क्वचित घडतं. त्याच महिन्यात, ५ तारखेला, हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि तो सीझन अकरा भागांवर आटोपला. पुढे आणखी दोन सीझन निघाले. फेब्रुवारी २०१० मध्ये मालिका थांबली तेव्हा पाहणारे पन्नास लाखसुद्धा उरले नव्हते. पहिल्या भागाला एक कोटी चाळीस लाखांच्या वर होते.

[पडद्यावर: जुन्या कॉम्प्युटरची स्क्रीन. फोल्डर. फाईलींची यादी.]

हॉस्टेल सोडताना मेकॅनिकलवाल्याने त्याची ऐंशी जीबीची हार्ड डिस्क मला कॉपी करायला दिली. 'हीरोज' नावाच्या फोल्डरमध्ये एकच फाईल होती, सतरावा भाग.

"बाकीचे?"

"जागा नव्हती."

"आणि शेवटचा?"

"तो कधीच उडवला," तो म्हणाला. "त्याला स्वतःला जमेना म्हणून."