रानड्यांचं हायकोर्ट आणि आपलं भाऊसिंगजी रोडवरचं

मागं आवाज येतोय ना? बरं. मला विषय दिलाय हायकोर्ट जज्जची कारकीर्द, आणि तुम्हा लॉच्या पोरांना वाटत असणार की मी आत्ताच्या कुठल्यातरी मोठ्या जज्जसाहेबांबद्दल बोलणार. पण मी जाणार आहे मागं, न्यायमूर्ती रानड्यांकडं. का, तर ते अर्धे आपले, कोल्हापूरचे आहेत. जन्म निफाडचा, १८४२ चा, पण वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला आले आणि पोरगं वाढलं इथं, शाळेत गेलं इथं. १८५६ ला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला, एल्फिन्स्टनला. आता कसं गेलं असेल बघा की, कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, आणि बोरघाटातनं गाडी सुरू व्हायला १८५६ ला अजून सात वर्षं होती. हे अंतर जरा डोक्यात ठेवा, मी परत तिथंच येणारय.

माझा एक अशील होता, राधानगरीकडचा, नाव नको. बांधाचं भांडण, खालच्या कोर्टात जिंकला, जिल्हा कोर्टात हरला, मग हायकोर्टात दुसरं अपील, म्हणजे सेकंड अपील. आम्ही दोघं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला निघालो. ह्यानं पिशवीत भाकऱ्या, लसणाची चटणी आणि सातबाऱ्याचा जुना उतारा घेतलेला, उतारा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, भाकरी नुसत्या फडक्यात. दिवसभर बसलो, संध्याकाळपर्यंत आमचा नंबरच लागला नाही, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसचं काम, संपलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वकीलसाहेब, जज्जसाहेबांनी माझ्याकडं बघितलंबी न्हाई." मी त्याला समजावलं की बाबा, अपिलात कुणी कुणाकडं बघतच नाही, साक्षीपुरावा खाली झालेला असतो, वर नुसती पेपरबुकं, म्हणजे केसच्या कागदांची बाडं, वाचतात, आणि सेकंड अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ऐकतात, बांध कुठं होता ते परत मोजत नाहीत. त्याला काय ते पटलं नाही. खरं सांगू, मलाही पूर्ण पटलेलं नाही अजून.

तर रानडे. मुंबई विद्यापीठाचे अगदी पहिले ग्रॅज्युएट, १८६२ चे, मग १८६६ ला एलएलबी. मधे थोडे दिवस कोल्हापुरात न्यायाधीश म्हणून परत आले, म्हणजे ज्या गावात पाटी घेऊन फिरले तिथंच निकाल द्यायला बसले, मग एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकवलं, आणि १८७१ ला पुण्यात सबजज्ज, म्हणजे दुय्यम न्यायाधीश. हायकोर्टाची खुर्ची मिळाली १८९३ ला. बावीस वर्षं! आता हुशारी कमी होती म्हणून नाही. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या मागं हा माणूस आहे, दुष्काळात रयतेची बाजू आकडेवारीसकट मांडतोय, हे सरकारला दिसत होतं. मग बदल्या. नाशिक, तिथनं १८७९ ला धुळे, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू असलेलं ते वर्ष. धुळ्यात ह्यांचं टपाल फोडून बघायचे. सरकारनंच नेमलेला जज्ज, आणि त्याचीच पत्रं सरकार फोडतंय, काय म्हणायचं आता. हा माणूस मात्र रोज कोर्टात जाऊन दिवाणी दावे काढत बसला.

एक गोष्ट मी लपवत नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस, पहिली बायको वारल्यावर १८७३ ला वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो. लोकांनी तेव्हाही बोल लावला आणि बरोबरच लावला. वडिलांच्या निकालावर अपील करायचं ह्यांना जमलं नाही. ती मुलगी म्हणजे पुढच्या रमाबाई रानडे, पुण्याच्या सेवासदनवाल्या, पण त्यानं लग्नाचं समर्थन होत नाही, असं आपलं माझं मत.

आता मला खरं ज्याच्यावर बोलायचंय ते. हायकोर्टाच्या आधी रानड्यांनी एक नोकरी केली जी आज कुणाला माहीतच नसते, स्पेशल जज्ज, १८८७ पासनं. झालं होतं असं की १८७५ ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले, दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरला. चौकशी झाली आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर ह्या चार जिल्ह्यांना. त्यात मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की सावकारानं सहीचा किंवा अंगठ्याचा कागद पुढं टाकला की विषय संपला असं नाही, जज्जनं त्या कागदाच्या मागं जायचं, पहिल्यांदा किती रुपये दिले, व्याज किती चढवलं, जुनं खातं नव्या रोख्यात कसं ओढलं, सगळा इतिहास काढायचा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं पण बंद केलं. आणि ह्या दाव्यांना नेहमीसारखं अपील ठेवलंच नव्हतं! कारण अपील म्हणजे खर्च, आणि खर्च सावकारालाच परवडतो. त्याऐवजी वरनं तपासणी ठेवली. स्पेशल जज्जनं स्वतः जिल्ह्या-जिल्ह्यात फिरायचं, खालच्या कोर्टांची दप्तरं उघडायची, चूक दिसली तर दुरुस्त करायची.

म्हणजे माझ्या त्या अशिलाला जे पाहिजे होतं ते. वरचा जज्ज, पण गावाकडं आलेला.

१८९३ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात गेले. तिथं जेमतेम सात वर्षं, १९०१ च्या जानेवारीत गेलेच, एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस कमी. वारसा, दत्तक, एकत्र कुटुंब, सगळं मराठी मुलखातलं भांडण पुढ्यात यायचं. माझा अंदाज असा, की पेपरबुकातल्या एका ओळीमागं कसलं घर असतंय हे त्यांना चार जिल्ह्यांची दप्तरं चाळून आधीच ठाऊक झालेलं असणार. थेट वकिलीतनं वर गेलेल्या जज्जला ते कळायला वेळ लागतो. सगळ्यांना नाही, पण लागतो. इथं बसलेल्यांपैकी कुणी उद्या जज्ज झालंच तर राग धरू नका.

आता आपलं. हायकोर्टाचं बेंच कोल्हापूरला व्हावं म्हणून चाळीस वर्षांच्या वर वकिलांनी आंदोलनं केली, मोर्चे, कामबंद, मी पण सीपीआर हॉस्पिटलसमोर उन्हात बसलोय. १७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश गवईंच्या हस्ते मुंबई हायकोर्टाच्या इथल्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी काम सुरू, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या बिल्डिंगमध्ये. सहा जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. त्यातले सातारा आणि सोलापूर रानड्यांच्या त्या यादीतलेच की! ज्यादिवशी ध्यानात आलं त्यादिवशी मी घरी दोनदा सांगितलं, कुणी लक्ष दिलं नाही.

तो अशील आता नाही. नातू आला होता मध्यंतरी, वेगळ्याच मॅटरसाठी. सकाळच्या एसटीनं आला, साडेबाराच्या सुमाराला आमचं झालं, पुढची तारीख पडली. म्हटलं चल, मिसळ खाऊ. तर नको म्हणाला, दोनची गाडी गावली तर धारेला घरी पोचतो.